पानांवर पांढरं काय पडलंय? गोव्यातल्या परसबागेतली भुरी, केवडा आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी झाली, माटोळी (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची चौकट) उतरली, की पंधरा दिवसांत मला एकाच टाइपचे फोटो यायला लागतात. दोडक्याचं नाहीतर तवशाचं, म्हणजे गावठी काकडीचं पान, त्यावर पांढरं काहीतरी, आणि खाली एक ओळ, "ह्याला काय मारू?" मारायचं नंतर बघू, आधी ते आहे काय ते बघायला पाहिजे. फोंड्याच्या बाजूला घरामागचं परसू आणि वर टेरेसवर वीसेक ग्रो बॅगा, एवढाच माझा कारभार, पण ह्या पांढऱ्याशी माझी बरीच वर्षं मारामारी चाललीय, त्यात चुकाही भरपूर झाल्यात, म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून टाकते.

पानावरचं पांढरं म्हणजे नक्की काय?

बहुतेक वेळा दोनातलं एक. पहिलं भुरी, म्हणजे पावडरी मिल्ड्यू. पानाच्या वरच्या बाजूला टाल्कम पावडर सांडल्यासारखे गोल ठिपके येतात, ते वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात आणि शेवटी सगळं पान पिठात लोळवल्यासारखं दिसतं. बोटाने पुसलं तर पावडर बोटाला लागते. आमच्या शेजारच्या काकी पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, "किदें गो, तवशाक पीठ लायलां?" आणि खरंच तसंच दिसतं.

दुसरा केवडा, म्हणजे डाउनी मिल्ड्यू. ह्यात वरून पांढरं जवळजवळ दिसतच नाही. वरून पिवळे डाग दिसतात, आणि काकडीवर्गात ते चौकोनी-त्रिकोणी असतात कारण पानाच्या शिरांनी ते अडवलेले असतात, कोणी पट्टी लावून आखल्यासारखे. पान उलटं करून बघायचं, तेही सकाळी लवकर, दंव वाळायच्या आधी. त्याच डागांच्या खाली राखाडी-जांभळट लव दिसली तर केवडा. दुपारी बघितलंत तर ती लव बऱ्याचदा दिसत नाही आणि मग लोक म्हणतात खत कमी पडलं म्हणून पान पिवळं झालं, आणि युरिया टाकतात. झालं मग कल्याण.

दोन्ही मिल्ड्यूच ना, मग एवढा फरक करत बसायची काय गरज?

गरज आहे, कारण दोघांचं पाण्याशी वागणं उलटं आहे आणि औषधंही वेगळी आहेत. सगळा घोळ इथेच होतो.

भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, उलट पान पाण्यात चिंब असलं तर ते नीट रुजत नाहीत. त्यांना हवेत दमटपणा पाहिजे पण पान कोरडं पाहिजे, आणि तापमान साधारण २० ते २७ अंश. केवड्याला मात्र पान काही तास सलग ओलं लागतंच, नाहीतर त्याचे बीजाणू आत शिरू शकत नाहीत. म्हणजे भुरीवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारून पानं धुतली तर थोडा फायदा होतो, आणि तोच उपाय केवड्यावर केलात तर तुम्ही स्वतः त्याला घरात घेतलंत.

आणखी एक गंमत म्हणजे केवडा हा खरी बुरशीच नाही. तो ओओमायसीट नावाच्या गटातला, बुरशीपेक्षा शेवाळाच्या काही जातींना जवळचा. पोफळींवर पावसात येतो तो कोळेरोग आणि बटाट्याचा उशिराचा करपा हे त्याचे भाऊबंद. म्हणून सल्फर भुरीवर मस्त चालतं आणि केवड्यावर काहीच करत नाही. केवड्याला तांबं लागतं, म्हणजे कॉपर. दुकानात जाऊन नुसतं "फंगसचं औषध द्या" म्हटलं की काउंटरवर जे समोर असेल ते मिळतं. मला एकदा केवड्यासाठी सल्फरची पुडी मिळाली होती, मी तीन वेळा मारली, वेल गेला, पुडी अजून अर्धी आहे.

गोव्यात कुठल्या महिन्यात काय येतं?

आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चारच महिन्यांत. जूनमध्ये पहिल्या पावसावर तवशी, दोडकी, घोसाळी, कारली, पडवळ लावतात ती चवथीला हातात यायला पाहिजेत म्हणून. तर जुलै-ऑगस्ट हा केवड्याचा सीझन, पानं दिवसदिवस वाळत नाहीत, त्याला अजून काय पाहिजे. भुरी तेव्हा फार दिसत नाही, पाऊसच धुऊन काढतो.

पाऊस ओसरला, सप्टेंबरचा शेवट आला, दुपारी ऊन आणि रात्री दमट, की भुरी सुरू होते. मग पूर्ण थंडीभर, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ती असतेच, विशेषतः जिथे सकाळी धुकं उतरतं तिथे, सत्तरी-सांगेकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मार्चनंतर कडक ऊन पडलं की ती मंदावते. केवडाही थंडीत जड दंवाच्या दिवसांत डोकं वर काढतो, म्हणजे ह्याचे महिने संपले आता निवांत असं काही नाही.

पांढरं दिसलं म्हणजे रोगच असतो का?

नाही हो. भोपळ्याच्या आणि झुकिनीच्या काही जातींच्या पानांवर जन्मजातच चंदेरी पांढरे पट्टे असतात, शिरांच्या कोपऱ्यांत, अगदी एकसारखे. बोटाने पुसून जात नाहीत. ते पानाचं डिझाइन आहे, त्याला औषध मारू नका.

पांढरा कापूस चिकटलेला दिसतोय, खोडाच्या बेचक्यात नाहीतर पानाखाली, आणि वर मुंग्यांची रांग आहे, तर तो पिठ्या ढेकूण, कीटक आहे तो, त्याचं औषध वेगळं. विहिरीचं क्षाराचं पाणी झारीने वरून घातलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात तेही असतातच.

आणि तांबडी भाजी. तिच्या पानाखाली पांढरे, किंचित फुगलेले फोड आले तर तो पांढरा तांबेरा, भुरी नाही. तोही केवड्याच्याच गटातला. दाट पेरली की येतो. उपटून विरळ करा, खराब पानं फेकून द्या, तीस दिवसांच्या भाजीला औषध मारण्यात काही अर्थ नाही.

कुठल्या भाज्यांना जास्त होतो?

भुरी सगळ्यात जास्त वेलांना, म्हणजे काकडी, तवसं, भोपळा, दुधी, दोडकं, चिबूड. मग भेंडी, वाल, मटार. आपली सात शिरांची भेंडी उंच वाढते आणि खूप दिवस देत राहते, तर शेवटी शेवटी तिच्या खालच्या पानांवर भुरी येतेच येते. केवडा मुख्यतः काकडीवर्गाला, त्यातही काकडी-तवशाला सगळ्यात वाईट, आणि मुळा-कोबीवर्गात थोडा, पण तो वेगळा प्रकार.

मिरचीचं जरा विचित्र आहे. मिरचीवरची भुरी पानाच्या आत वाढते, पावडर खालच्या बाजूला दिसते आणि वरून फक्त पिवळे डाग, म्हणजे सगळं केवड्यासारखं. मग पानं गळायला लागतात आणि झाडावर नुसत्या मिरच्या लटकलेल्या राहतात. आत असल्यामुळे दूध-सोड्यासारखे वरवरचे उपाय तिच्यावर फारसे चालत नाहीत. खोला मिरचीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बरेच जण हौसेने कुंडीत लावतात, त्यांनी पानं उलटी करून बघायची सवय लावून घ्या.

आंब्याच्या मोहोरावर भुरी आलीय, ती माझ्या काकडीवर येईल का?

नाही. मानकुरादच्या मोहोरावरची भुरी वेगळी, गुलाबावरची वेगळी, वालावरची वेगळी. प्रत्येकीचं आपलं ठरलेलं घर असतं. काकडीची भुरी भोपळ्यावर, दुधीवर जाईल कारण ते एकाच कुळातले, पण गुलाबावरून काकडीवर उडी मारत नाही. सगळीकडे एकाच वेळी दिसते कारण हवा सगळ्यांना एकच आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या गुलाबावरून भांडण नको, शेजाऱ्याच्या भोपळ्यावरून करा हवं तर.

दुधाचा स्प्रे खरंच चालतो का का नुसतं व्हॉट्सॲपवरचं ज्ञान?

चालतो, भुरीवर. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेत्तिओल ह्यांनी १९९९ मध्ये झुकिनीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे, गाईचं ताजं दूध पाण्यात दहा टक्के किंवा जास्त मिसळून आठवड्यातून दोनदा मारलं तर भुरी चांगली आटोक्यात राहिली. म्हणजे एक वाटी दूध आणि नऊ वाट्या पाणी. जास्त दूध घालून जास्त फायदा होईल असं वाटून निम्मं-निम्मं करू नका, मग पानावर दुसरीच निरुपद्रवी बुरशी वाढते आणि टेरेसवर वास असा सुटतो की मांजरं जमतात. माझ्याकडे जमली होती.

पण अटी आहेत. ऊन लागतं, दुधातल्या प्रोटीनवर ऊन पडून जे काही होतं त्यानेच काम होतं असं मानतात, म्हणून सकाळी मारायचं. आणि पहिले दोनचार ठिपके दिसले तेव्हाच सुरू करायचं. पान पांढरंफटक झाल्यावर दूध मारणं म्हणजे दुधाची नासाडी, त्यापेक्षा चहा करा. केवड्यावर दुधाचा भरवसा धरू नका.

आंबट ताक पण आपल्याकडे पूर्वीपासून मारतात, एक भाग ताक दहा भाग पाणी, गाळून घ्या नाहीतर पंपाचं नोझल बंद पडतं. माझा अनुभव दुधापेक्षा थोडा कमी पण वाईट नाही.

खायचा सोडा किती घालायचा?

एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा, साधारण ५ ग्रॅम, आणि पानाला चिकटायला लिक्विड साबणाचे चारपाच थेंब. खायचाच सोडा, धुण्याचा नव्हे, बेकिंग पावडर पण नव्हे. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा, कारण काकडीची कोवळी पानं कडेने करपू शकतात.

मला स्वतःला सोडा फार आवडत नाही. त्यात सोडियम असतं, ते मातीत साठत जातं, आणि कुंडीत तर जाणार कुठे. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ते जास्त चांगलं, काम तेच करतं आणि झाडाला थोडं पोटॅशही मिळतं, ऑनलाइन मिळतं. सोडा वापरलाच तर जमिनीतल्या वेलाला वापरा, ग्रो बॅगेला महिनोन्महिने नको.

नीम तेल?

चालतं, पण रोग यायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला. लिटरला ५ मिली नीम तेल, १-२ मिली साबण, आणि पाणी कोमट घ्या नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि पहिल्या झाडाला नुसतं पाणी, शेवटच्याला नुसतं तेल. आधी तेल आणि साबण एकत्र फेटायचं, मग पाणी. संध्याकाळी मारायचं, म्हणजे मधमाश्या गेलेल्या असतात आणि उन्हात पान भाजत नाही. दोडक्याची फुलं तशी संध्याकाळीच उमलतात, तेव्हा फुलांवर मारणं टाळा.

सल्फर घरच्या भाजीवर मारलं तर चालेल का?

भुरीसाठी सल्फर म्हणजे जुनं आणि खात्रीचं औषध. पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्केवालं, लिटरला २ ग्रॅम पुरतं, पुडीवर जे लिहिलंय ते आधी वाचा. हे पण ठिपके थोडे असतानाच.

आता माझी चूक ऐका. ऑक्टोबरचं ऊन, रविवार, मला वेळ दुपारीच मिळाला, आणि त्याच्या आठवडाभर आधी मी त्याच वेलावर नीम तेल मारलेलं. दुपारी साडेबाराला सल्फर मारलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या तवशाची पानं तपकिरी, इस्त्रीखाली जळलेल्या कापडासारखी. भुरी गेली, वेलही गेला. तर नियम दोन. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर सल्फर नको, आणि तेल मारल्यावर दोन ते तीन आठवडे सल्फर नको, उलटंही तसंच. चिबूड आणि काकडीवर्गातल्या काही जातींना तर सल्फर नुसतंही सोसत नाही, तेव्हा एका पानावर ट्रायल घ्याच. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, आणि वारा येतो त्या बाजूला पाठ करून.

आमचे आजोबा पोफळींना बोर्डो मारायचे, तेच भाजीला चालेल का?

हा प्रश्न फक्त गोव्यातच येतो बहुतेक, आणि मला फार आवडतो. कुळागर, म्हणजे पोफळींची बाग असलेल्या प्रत्येक घरात मृगाच्या आधी माड्यांवर, म्हणजे पोफळींवर चढून घडांवर निळं औषध मारलेलं सगळ्यांनी बघितलंय, कोळेरोगासाठी. तेच ते बोर्डो मिश्रण. त्याची गोष्ट अशी की फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. म्हणजे बोर्डो जन्मलंच केवड्यासाठी, पोफळीवर ते नंतर चढलं.

भाजीला चालतं, पण हलकं. पोफळीला एक टक्का मारतात, काकडीच्या कोवळ्या पानाला अर्धा टक्का पुरे. ५ लिटरला २५ ग्रॅम मोरचूद आणि २५ ग्रॅम चुना. प्लास्टिकच्या दोन बादल्या घ्या, लोखंडाची किंवा पत्र्याची नको, एकीत अडीच लिटर पाण्यात मोरचूद, दुसरीत अडीच लिटरमध्ये चुना, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. मग लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना घाला, नाहीतर पानं जळणार. विड्याच्या पानाला लावायचा ओला चुना वापरू नका, त्यात पाणी किती आणि चुना किती काही कळत नाही. केलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलेलं फुकट.

एवढा खटाटोप चार वेलांसाठी नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी मिळते, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम. दोन्ही औषधं आलेला केवडा बरा करत नाहीत, पुढच्या पानांना वाचवतात. म्हणून जुलैमध्ये पहिला पिवळा चौकोन दिसला की, किंवा शेजारी दिसला की, दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत मारून घ्यायचं. सतत ढगाळ आणि पान वाळतच नाही अशा दिवशी तांबं मारलं तर त्यानेही पानावर डाग पडतात. उघडीप मिळाली नाही तर काय? नाही मिळाली तर नाही मिळाली. आषाढात आपल्या हातात एवढंच असतं.

ट्रायकोडर्मा टाकलंय, तरी भुरी कशी आली?

कारण ट्रायकोडर्मा ही मातीत राहणारी उपयोगी बुरशी, ती मातीतलंच काम करते. मूळकुज, रोपं जमिनीलगत कोलमडणं, ह्यासाठी ट्रायकोडर्मा चांगलं आणि मी दर वर्षी शेणखतात मिसळून टाकते, पण भुरी वाऱ्याने येऊन पानावर बसते, तिथे ट्रायकोडर्माचा काही संबंध येत नाही. पानांसाठी जैविक पाहिजे तर बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू बघा, किंवा ॲम्पेलोमायसेस, ही तर भुरीवरच जगणारी बुरशी आहे, भुरीलाच भुरी लागल्यासारखं.

शेण-गोमूत्राचं जीवामृत झाडाला खाऊ घालतं, ठीक आहे, रोगाचं औषध म्हणून त्याच्याकडे बघू नका. आणि चुलीची राख. आमची आजी रोज सकाळी दंव असताना पानांवर राख उडवायची, किडींना थोडा त्रास होतो, भुरीवर फार काही होतं असं मला दिसलं नाही. बुंध्यात मूठभर घाला, पोटॅश मिळतं.

स्प्रे करूनही जात नाही, मी काय चुकतोय?

जवळजवळ नेहमी, खालून मारत नाही. पंप हातात आला की सगळे वरून शिंपडतात, आरतीनंतर तीर्थ शिंपडतात तसं. नोझल वर तोंड करून पानाखालून आधी, मग वरून, थेंब गळायला लागेपर्यंत.

दुसरं, उशीर. भुरीचा एक बीजाणू पडल्यापासून नवे ठिपके दिसायला पाच-सात दिवस लागतात, कधी त्याहून कमी, म्हणजे आज जे दिसतंय ते गेल्या आठवड्याचं आहे आणि ह्या आठवड्याचं अजून दिसायचंय. एकदा मारून सोडून दिलं तर काहीच होत नाही, सात ते दहा दिवसांनी परत, असं तीनदा तरी. आणि जुने डाग पुसले जाणार नाहीत, पान परत हिरवंगार होणार नाही, नवीन पानं स्वच्छ येतायत का तेवढंच बघायचं.

एक छोटी गोष्ट, तणनाशक मारलेला पंप भाजीला वापरू नका. कितीही धुतला तरी.

पाणी कधी, कसं घालायचं?

सकाळी, बुंध्याला. संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाइपने सगळ्या बागेला आंघोळ घालायची सवय बऱ्याच जणांची आहे, दिवसभराचा थकवा जातो म्हणे. झाडाचा जात नाही, त्याची पानं रात्रभर ओली राहतात आणि केवडा निवांत आत शिरतो. चुडतं किंवा सुकी पानं बुंध्यात अंथरली की पाणीही कमी लागतं आणि पावसात मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

पानं काढून टाकायची का? किती?

हो, आणि हाच माझ्या मते औषधापेक्षा मोठा उपाय आहे, फक्त फुकटचा असल्यामुळे कोणाला पटत नाही. वेल मांडवावर चढला की जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतची जुनी पानं काढून टाका. हवा खेळली पाहिजे. दोन वेलांत तीन-चार फूट जागा सोडा, पाकिटातल्या सगळ्या बिया एका आळ्यात टाकून मग सगळी रोपं ठेवायचा मोह आवरा, मला पण उपटायला जीवावर येतं.

एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानं नको, तीच तर झाडाची चूल आहे. उन्हाच्या दिवशी काढा, पानं कोरडी असताना, आणि काढल्यावर त्याच हाताने दुसऱ्या वेलाला हात लावू नका. भुरी फक्त जिवंत पानावर जगते, त्यामुळे ती पानं कंपोस्टच्या ढिगात खोल पुरली तरी चालतं, फक्त बागेतच पसरून ठेवू नका.

युरिया पण आवरा. नायट्रोजन जास्त झालं की लुसलुशीत पानांचा पाला माजतो, आणि भुरीला तोच आवडतो.

फ्लॅटच्या बाल्कनीत काय करायचं? ऊनच येत नाही.

मडगाव-पणजीच्या बाल्कन्यांत दोन प्रॉब्लेम, ऊन चार तासांपेक्षा कमी आणि तीन बाजूंनी भिंत त्यामुळे हवा कोंडलेली. तिथे काकडी लावलीत तर भुरी येणारच, ते लिहून ठेवा. त्यापेक्षा तांबडी भाजी, मेथी, पुदिना, मिरचीचं एखादं झाड. वेलच पाहिजे तर एकच लावा आणि ग्रिलला बाहेरच्या बाजूने चढवा, कुंड्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसात चिऱ्याची भिंत चार महिने घाम गाळत असते.

भुरीच्या पानांवर पिवळे छोटे भुंगे फिरतायत, तेच खातायत का पान?

नीट बघा. चकचकीत पिवळे पंख, त्यावर एकही ठिपका नाही, आणि मानेजवळ पांढऱ्यावर दोन काळे टिपके, असा असेल तर मारू नका. हा लेडीबर्डचा एक प्रकार आहे, इलेइस, आणि तो भुरीच खातो. त्याची अळी पण तेच खाते. सगळी भुरी संपवण्याएवढा त्याचा जीव नाही, पण फुकटचा कामगार आहे, त्याच्यावर औषध कशाला मारा. पाठीवर बरेच काळे ठिपके असलेला आणि पानाची जाळी करणारा दिसला तर मात्र तो दुसरा, तो पान खाणारा.

भुरी आलेल्या वेलाची भाजी खाल्ली तर चालते का?

दोडकं, तवसं, भेंडी खा, चांगली धुऊन. रोग पानावर असतो, फळात नसतो, फक्त वेल अशक्त झाल्यामुळे फळं लहान आणि कधी चव फिकी लागते. ज्याची पानंच खातो त्या भाजीची डागाळलेली पानं टाकून द्या. बुरशीची ॲलर्जी किंवा दमा असेल त्यांनी पांढरी पानं काढताना मास्क लावा. औषध मारलं असेल तर पुडीवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस थांबायचं, चवथ आली म्हणून ते दिवस कमी होत नाहीत.

बियाणंच रोग न येणारं मिळतं का?

काकडीच्या काही हायब्रिड पाकिटांवर भुरी किंवा केवड्याला सहनशील असं लिहिलेलं असतं, घ्या बिनधास्त, येतो पण उशिरा येतो. भेंडीत मात्र फसू नका, परभणी क्रांती, अर्का अनामिका ह्या जाती हळद्याला, म्हणजे पिवळ्या शिरांच्या व्हायरसला तोंड द्यायला काढलेल्या, भुरीसाठी नव्हे. घरचं गावठी तवशाचं बी मी तरीही दर वर्षी लावते, रोगाला नाजूक आहे पण चव बाजारच्या काकडीला नाही. जुलैअखेरच्या सांतानच्या तवशांच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) सुमाराला आमचे वेल नुकते फुलावर असतात, तेव्हापासून मी रोज सकाळी पानं उलटी करून बघायला लागते.

वांगं हिरवंगार असतानाच एका दिवसात माना टाकतं, ते पण फंगस का?

बहुतेक नाही. गोव्यात वांगी, टोमॅटो, मिरचीला जीवाणूंची मर फार. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभं धरा, काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तीच. वरून कुठलाही स्प्रे मारून उपयोग नाही, झाड मुळासकट काढा, आणि त्या जागी दोनतीन वर्षं त्या कुळातलं काही लावू नका.

नक्की कळत नसेल तर कोणाला दाखवू?

तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय असतं, तिथे पान घेऊन जा. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पान प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून दोन दिवसांनी नेऊ नका, तोपर्यंत त्यावर दुसरंच काहीतरी उगवलेलं असतं. सकाळी तोडून, कागदात गुंडाळून, त्याच दिवशी. फोटो दाखवायचा असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचा.

ऑक्टोबर उजाडला, वेल पांढरा पडलाय, अजून दोनचार दोडकी लागतायत. वाचवू का?

नको. जूनमध्ये लावलेला वेल ऑक्टोबरात म्हातारा झालेला असतो आणि म्हाताऱ्या पानांवर भुरी येणारच, ती काही तुमची हार नाही. त्या दोनचार दोडक्यांसाठी तीन आठवडे औषध मारत बसाल आणि तोपर्यंत शेजारच्या कोवळ्या दुधीवर बीजाणू जाऊन बसतील. एक जून दोडकं बियांसाठी सुकू द्या, बाकी वेल कोरड्या दिवशी कापून काढा, मांडव दोन दिवस उन्हात उघडा ठेवा, माती उकरून शेणखत घाला, आणि दिवाळीच्या आत वाल नि मुळा पेरून टाका. वाल पेरताना हातभर अंतर सोडा.